वंशावळ : साक्ष कोणाची?



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. कोणताही उतारा वाचून झाला की ते विचारीत, "हे लिहिले कोणी, आणि कोणासाठी?" पुढे बखरवाङ्मयावर प्रबंध लिहिताना हा प्रश्न मला पदोपदी उपयोगी पडला. निवृत्तीनंतर घराण्यांच्या वंशावळी पाहू लागलो, तेव्हा तर त्यावाचून पाऊलच पुढे पडेना. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

बडोद्यातील आम्ही दहा-बारा मंडळी गेली काही वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकत्र जमतो आणि एकमेकांच्या घराण्यांची कागदपत्रे तपासतो. मंडळाला घटना नाही, वर्गणी नाही. चहा पाळीपाळीने असतो. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ साली डाकोरास घात झाला आणि १७३४ साली दमाजीरावांनी बडोदे घेतले. तेव्हापासून पुढे दोनशे वर्षे देशावरून आणि कोकणातून माणसे इकडे येत राहिली. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी फडावर लिहिण्यास, कोणी पुराण सांगण्यास, कोणी सोनारकामास. त्यांचे वंशज आमच्याकडे येतात ते बहुधा एखादा सरदार शोधण्याच्या उमेदीने. हाती लागतो कारकून. मला त्याचे वाईट वाटत नाही. सरदारांनी लढाया केल्या असतील, पण आज आपल्यापुढे जो कागद आहे तो कारकुनाने लिहिलेला आहे.

वंशावळ ही पूर्वजांविषयीच्या भक्तीतून जन्मली असा एक गोड समज आहे. जुने कागद पाहता तो टिकत नाही. वतनाचा वाद गोतसभेपुढे गेला की उभय पक्ष आपापला करीना सादर करीत, म्हणजे मूळपुरुषापासून आपल्यापर्यंत हक्क कसा चालत आला याची हकीकत. सभेचा निर्णय महजरात नोंदला जाई. वंशावळ हा त्या करीन्याचा कणा. ज्याला वाटा मागायचा त्याने ती मांडायची, आणि ज्याला वाटा द्यायचा नाही त्याने तिची एखादी फांदी तोडायची. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यानेही हे ओळखले होते. नात्याविषयी मृत व्यक्तीने केलेले विधान ग्राह्य धरायचे, पण ते त्या नात्याची विशेष माहिती असलेल्या माणसाचे हवे आणि वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले हवे, अशी अट त्यात होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा अधिनियम आला, तरी हे तत्त्व कायम राहिले आहे. तंटा सुरू झाल्यावर काढलेल्या वंशावळीकडे न्यायालय संशयाने पाहते. संशोधकाने तरी अधिक भोळे का असावे?

बडोदेकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले. त्यानंतर खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथील गायकवाड शाखेतील गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा २७ मे रोजी दत्तक घेतला. तेच आपले सयाजीराव महाराज. एका खेड्यातील शाखा मूळ वृक्षाला कोठे जोडली जाते या प्रश्नावर एका संस्थानाचे भवितव्य अवलंबून होते! याच सयाजीरावांच्या नोकरीत १८८९ साली आलेले गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुढे ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा संग्रह सिद्ध केला, तो १९५७ साली ग्रंथरूपाने निघाला. आमच्या मंडळात तो अजूनही हाताशी लागतो.

कामाच्या तांत्रिक अडचणींविषयी थोडक्यात सांगतो. मोडी यावी लागते. ती सहा महिन्यांत वाचता येते, पण घाईत लिहिलेली मोडी वाचायला उरलेले आयुष्य पुरत नाही. कालगणना त्याहून फसवी. एकाच घरातील तीन कागदांवर शक, सुहूर सन आणि संवत अशी तीन साले सापडतात. सुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जानेवारी १७६१ मधील पानिपतचा संग्राम त्याच सालात पडतो. गुजरातेतला संवत कार्तिकात बदलतो, तेव्हा दिवाळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तिथीत एका वर्षाचा फरक पडतो. आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल! चार पिढ्यांत तेच दोन विठ्ठल आणि तेच दोन नारायण आलटून पालटून येतात, मग उत्साही वंशज दोघांचा एक करून साठ वर्षे गिळून टाकतो. आडनावांवर तर मुळीच विसंबू नये. फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही कामे आहेत, कुळे नव्हेत.

पण खरी अडचण निराळीच आहे. छापील वंशावळ उघडा. पुरुषापुढे पुरुष, त्याखाली पुरुष. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे 'नि.' असे अक्षर, म्हणजे निर्वंश. मग त्याला चार मुली असोत आणि त्यांची नातवंडे आज या सभागृहात बसलेली असोत. स्त्रिया आल्याच तर अमक्याची भार्या म्हणून. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या रीतीने आणखी घोटाळा केला आहे. माहेरच्या कागदात ती एका नावाने असते, सासरच्या कागदात दुसऱ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवीपर्यंत त्या दोन बायका वाटतात.

ही नावे शोधायची कोठे? उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. आपल्या श्राद्धविधीत पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचा नामोच्चार करावा लागतो, आणि मातामहाकडील तीन पिढ्यांचाही. महालयात तर आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू एवढ्यांची आठवण काढलेली असते. विधी करण्याचा अधिकार पुरुषाला, हे खरे; पण त्यासाठी पणजीचे नाव त्याला पाठ असावेच लागे. वतनाच्या वंशावळीने ज्यांना गाळले त्यांना पिंडाने धरून ठेवले. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वहस्ते लिहिलेले लेख असतात. त्यांत कित्येकदा आई-आजीची नावे आणि आजोळही दिलेले असते. ही वही वाटणीसाठी लिहिलेली नाही, म्हणून तिची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. अर्थात उपाध्यायांनाही यजमान टिकवायचा असतो, हे विसरू नये. गुजरातेतील वहीवंचा बारोटांवर ए. एम्. शहा आणि आर्. जी. श्रॉफ यांनी १९५८ साली एक सुंदर निबंध लिहिला आहे. यजमानाच्या घरी जाऊन वही वाचणारा आणि त्याबद्दल दान घेणारा हा वर्ग यजमानाचे कूळ थोर कसे करतो, ते त्यात पाहावे. बेळगावकडच्या हेळवी मंडळींची परंपराही याच जातीची.

आता आमच्या मंडळात घडलेले एक प्रकरण सांगतो. नावे सांगणार नाही.

आमच्यातील एक ताई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांची पणजी बालविधवा होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा पुनर्विवाह झाला, असे घरात सांगत. तो काळ आठवा. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. नाव नसलेल्या माणसांचे काय झाले असेल, याची कल्पनाच करावी. ताईंना पणजीच्या पहिल्या सासरचा छापील कुलवृत्तांत मिळाला. त्यात ती होती. पतीच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी 'निवर्तली' अशी नोंद होती.

ताई म्हणाल्या, "ही दुसरीच कोणी असेल, कारण माझ्या पणजीने नातवंडांची बारशी केली." आम्ही कागद जमवू लागलो. ताईंच्या आजोबांचा नाशिकच्या वहीतील लेख मिळाला. त्यात आजोळच्या तीन पिढ्या होत्या. कुलवृत्तांतात पहिल्या सुनेच्या पित्याचे नाव आणि गाव होते. दोन्ही जुळले. आमच्यातील वकिलांनी रास्त शंका काढली, "त्या पित्याला दोन मुली असतील तर?" मग माहेरच्या घराण्याचा लेख शोधला. त्यात भावाने 'भगिनी एक' असे लिहून ठेवले होते. शेवटी ताईंच्या घरच्या एका टिपणवहीत पुनर्विवाहाचे साल निघाले. छापील मृत्यूचे सालही तेच होते.

म्हणजे लग्न झाले त्या वर्षी ती मेली. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी. पण त्याच्या दुसऱ्या कलमात असे म्हटले होते की, पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेतील तिचे हक्क, जणू ती त्या वेळी मरण पावली असे मानून, संपुष्टात येतील. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. सरकारने जे मालमत्तेपुरते मानले, ते घराने जन्माकरिता मानले. जिवंत माणसाचे घटश्राद्ध करण्याची रूढी आपल्याकडे होतीच. पुढे दोन पिढ्यांनी कोणी सज्जन संपादकाने घरातील जुन्या टिपणावरून ते साल उतरून घेतले असावे. त्याच्या मनात दुष्टावा होता असे मी मानत नाही.

त्या घराण्याची पुरवणी निघणार होती, म्हणून आम्ही संपादकांना सर्व प्रती पाठविल्या. त्यांचे उत्तर सभ्य होते. विवाहाने कन्या जशी कुळातून जाते तशी हीही गेली. गेलेल्यांची नोंद आम्ही ठेवीत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. युक्तिवाद पोकळ नव्हता. आमच्या मंडळातही दोन तट पडले. एक वृद्ध सभासद म्हणाले, "तिलाच कदाचित हे विसरले जावे असे वाटत असेल. मेलेल्या बाईला पुन्हा चावडीवर का आणता?" यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. माझे मत मी तेव्हा सांगितले, ते आजही तेच आहे. मौन पाळण्याचा अधिकार घराण्याला आहे. लग्नाच्या जागी मृत्यू लिहिण्याचा नाही.

संपादकांनी अखेर पुरवणीत ते साल काढले. त्याजागी काही घातले नाही. एक आडवी रेघ आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, पण घराणे त्यांचे आहे. ताईंनी त्या पानाची छायाप्रत मागून घेतली आणि रेघेवर स्वतःच्या हाताने पणजीची तिन्ही नावे लिहिली : माहेरचे, पहिल्या सासरचे आणि दुसऱ्या सासरचे. खाली स्वतःची सही आणि तारीख घातली. वाद उपस्थित झाल्यानंतरचे हे विधान न्यायालयात टिकणार नाही, असे वकिलांनी हसत सांगितले. ताईंनी ते पान देवघराशेजारच्या कपाटात ठेवले आहे.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या मंडळाने एक साधा नमुना तयार केला आहे. त्याचे कागद आजपासून शाळेच्या ग्रंथपालांकडे मिळतील. आई, आजी, पणजी यांच्यापुढे प्रत्येकी तीन रकाने आहेत : माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारण्याचे नाव. दिवाळीच्या सुटीत घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसून ते पेन्सिलीने भरा. माहिती कोणी सांगितली आणि कोणत्या दिवशी, तेही लिहा. दोघांनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, खोडू नका. एखाद्या प्रश्नावर आजी गप्प झाली, तर तिला पुन्हा विचारू नका. तेवढा रकाना रिकामा ठेवून पुढे चला. कागद परत द्यायचे की घरीच ठेवायचे, हे घरच्यांना विचारूनच ठरवा. मोडी कागद सापडला तर मात्र तो घेऊन दुसऱ्या रविवारी आमच्याकडे या. चहा आहेच.