पॅनेल बंद, पाणी चालू
(पळसदेव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की पाण्याखालच्या जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला लांबून गाड्या येतात. आपण मात्र त्याच दिवसांत मागं सरणाऱ्या पाण्यामागं मोटारी हलवत असतो, केबली वाढवत असतो. अशा वेळी पॅनेलवर चालणारा एखादा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला तर जीव चरफडतो. तक्रार ठरलेली: पॅनेलवरचा दिवा विझलाय, पण पाणी काही थांबत नाही.

पहिला संशय कचऱ्यावर घ्या. बॅकवॉटरच्या पाण्यात शेवाळ असतं, डायफ्रामखाली बारीक खडा अडकतो. मोटार चालू ठेवून फक्त कंट्रोल पॅनेलचा मेन पाडा. पाणी तरीही वाहत असेल, तर व्हॉल्व्ह खोला आणि धुवा. मेन पाडताच थांबलं, तर खोड विजेची आहे.

व्हॉल्व्ह विजेवर उघडतो तो सोलेनॉइडमुळं. सोलेनॉइड म्हणजे तारेची कॉइल आणि तिच्या आत वरखाली होणारा लोखंडी प्लंजर. प्लंजर वर गेला की डायफ्रामवरचा दाब सोडणारं छिद्र उघडतं. तो खाली असताना मधे हवेची फट असते, ती ओलांडून त्याला ओढायला जोर लागतो. एकदा वर जाऊन टेकला की फट जवळपास उरत नाही, आणि मग थोड्याशा करंटवरही तो तसाच लटकून राहतो. म्हणून बटण बंद असतानाही झिरपणारा करंट, म्हणजे लिकेज करंट, बंद व्हॉल्व्ह सहसा उघडत नाही; उघडलेल्याला मिटू देत नाही.

पण बंद केल्यावर करंट येतो कुठून? साध्या रिलेत कॉन्टॅक्ट एकमेकांपासून सुटतात, वाटच तुटते. सॉलिड स्टेट रिलेत किंवा पॅनेलमधल्या पीएलसी कंट्रोलरच्या आउटपुटमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तिथं काहीच हलत नाही. व्होल्टेजच्या झटक्यांपासून ट्रायॅक वाचावा म्हणून त्याला समांतर कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडतात, तो स्नबर. एसी करंट कपॅसिटरमधून जातोच. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झला सुमारे 7 मिलिअँपिअर सोडतो. आता 5 व्हीएची कॉइल घ्या. पूर्ण चालू असताना तिचा करंटच मुळी 22 मिलिअँपिअर! म्हणजे ‘बंद’ असताना तिला जवळजवळ तिसरा हिस्सा मिळतोय. शिवाय कॉइलचा इंडक्टन्स कपॅसिटरच्या उलट वागतो, त्यामुळे प्रत्यक्षात 7 पेक्षा थोडा जास्तच जातो. जुनी, वीज खाणारी, जाडजूड कॉइल याला दाद देत नाही. वीज वाचवणारी नवी, नाजूक कॉइल बरोबर सापडते.

शेतातल्या 24 व्होल्ट एसीच्या ठिबक व्हॉल्व्हवर मात्र हा आळ घेऊ नका. तिथं तोच कपॅसिटर पाऊण मिलिअँपिअर सोडतो आणि कॉइलला धरून राहायला साधारण 200 लागतात. तिथला शत्रू ओल्या चेंबरमधला उघडा जोड. तांबं हिरवं पडतं, व्होल्टेज पोचत नाही, व्हॉल्व्ह उघडतच नाही. काळ्या टेपवर भागवू नका, ग्रीस भरलेले कनेक्टर वापरा. लटकण्याची खोड 230 व्होल्टच्या कॉइलची: फिल्टर बॅकवॉशचं पॅनेल, दूध डेअरी, साखर कारखाना.

खात्रीचा इलाज म्हणजे ट्रायॅक आणि कॉइल यांच्यामध्ये एक साधा रिले. पण रिलेची कॉइलसुद्धा फार नाजूक घेऊ नका, नाहीतर तीच लटकेल. रिले मिळेपर्यंत कॉइलला समांतर 15 वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा. थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, त्यामुळे लिकेज तिकडून निघून जातो आणि कॉइलवर दोन-चार व्होल्टच उरतात. एलईडी बल्बनं हे जमत नाही, आणि ज्या दुकानात जाल तिथं आता एलईडीच पुढं करतात.

मीटरनं फसू नका. कॉइल सोडवून वायरीवर मीटर लावला तर आउटपुट बंद असतानाही तो 200 च्या वर दाखवतो, आणि वायरमन ट्रायॅक जळाला म्हणून कार्डच बदलायला सांगतो. कॉइल जोडलेली ठेवूनच मोजा. आणि त्या 7 मिलिअँपिअरचा माणसाला चांगलाच झटका बसतो. गळती ओळखून वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढ्यावर पडेलच असं नाही. वायरीला हात लावायचा तो पॅनेलचा मेन पाडून. नुसतं बटण बंद करून नाही.