उरलेल्या गोळ्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत बोलायची सवय नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून उभी राहिले आहे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला नांदेडला आली. सातव्या महिन्यात तिला लघवीला जळजळ होऊ लागली. माझ्या दुखण्यातल्या चार जंतुनाशक गोळ्या डब्यात उरल्या होत्या, त्या मी तिला दिल्या. जळजळ थांबली. पंधरवड्याने मात्र थंडी वाजून ताप भरला. लघवी तपासली, तर नेहमीची औषधे त्या जंतूंना लागूच पडेनात. दिवस भरण्याआधीच बाळ झाले आणि बारा दिवस काचेच्या पेटीत राहिले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळे तुमच्या गोळ्यांमुळेच झाले असे नाही. पण दुखणे दबले आणि उपचाराला उशीर झाला." मग त्यांनी समजावले. रान अर्धवट खुरपले की हराळी उरते आणि तीच रानभर पसरते. जंतूंचेही तसेच. चुकीच्या किंवा अपुऱ्या औषधाने नरम जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात आजारी नवजात बाळांची पाहणी झाली. त्यांच्यात सापडलेल्या क्लेबसिएला नावाच्या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक अनेक औषधांना दाद देत नव्हते.

औषध वाईट नाही, बरे का! गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत खेड्यातल्या बायांनाच शिकवून तयार केले. त्यांनी आजारी बाळांना घरी जाऊन मोजून औषध दिले, आणि तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. शिकून दिलेले औषध तारते, अंदाजाने दिलेले घात करते.

म्हणून सांगते. पाकिटावर तांबडी उभी रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ती चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते, तिथे लघवी तपासून घ्या. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. नाळेला राख, हळद लावू नका. बाळ अंगावर पिईना, गार किंवा गरम लागले, धापा टाकू लागले, तर तडक इस्पितळ गाठा.

नातू आता रांगतो. गोळ्यांच्या त्या डब्यात मी हल्ली सुया-दोरे ठेवते.