यादीतील नावे

बंगळूरहून कोलारकडे जाताना वाटेत होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण लागते. सतराव्या शतकात बंगळूरबरोबर हा मुलूखही शहाजीराजांच्या जहागिरीत होता; त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका नव्हे. त्या काळी जमिनीचे दप्तर ठेवीत ते सारा वसूल करण्यासाठी. आज त्याच दप्तराच्या आधारे सरकार शेतकऱ्याच्या हाती पैसे ठेवते. पैशाच्या प्रवाहाची दिशा पालटली; दप्तराचे महत्त्व मात्र तिळभरही उणावले नाही.

आपल्याकडे जो सातबारा, तीच कर्नाटकात पहाणी. ‘भूमी’ योजनेने ती संगणकावर आणली आणि ठरावीक शुल्क भरून तिचा उतारा तालुक्याच्या कचेरीत मिळू लागला. जमीन कोणाची, हे अशा रीतीने उघड झाले. मग त्या जमिनीच्या नावाने सरकारी पैसा कोणाला मिळतो, हेही उघड असावयास नको काय?

24 फेब्रुवारी 2019 रोजी ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ योजनेचा आरंभ झाला. शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी 6000 रुपये, तीन समान हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावयाचे होते. आयकर भरणाऱ्यांना तीतून वगळले होते. तरीही जुलै 2020 पर्यंत 20 लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना सुमारे 1364 कोटी रुपये पोहोचले होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारेच होते. ही गोष्ट लोकांना कळली ती माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या एका अर्जामुळे. वास्तविक अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावा, असे 2005 च्या त्या कायद्याचे चौथे कलम सांगते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उपेक्षणीय नाही. गरिबाने घेतलेल्या मदतीची दवंडी का पिटावी? युरोपातही हा वाद झाला. तेथे शेतीच्या अनुदानाच्या याद्या प्रसिद्ध होत असत. 2010 साली युरोपीय न्यायालयाने, लहान-मोठा असा भेद न करता सरसकट सर्व व्यक्तींची नावे जाहीर करणे रद्द ठरविले. पुढे 2013 च्या नियमांत 1250 युरोपर्यंतची रक्कम घेणाऱ्यांची नावे झाकण्याची सोय झाली. मोठी रक्कम घेणारा मात्र उजेडातच राहिला. बँकेचा खाते क्रमांक वा आधार क्रमांक चव्हाट्यावर मांडण्याचे काहीच कारण नाही. नाव, गाव आणि रक्कम एवढे पुरे.

पण उघड यादीचे खरे मोल चोर पकडण्यापुरते नाही. 2008 च्या कर्जमाफीची तपासणी करून महालेखापरीक्षकांनी 2013 साली जो अहवाल दिला, त्यात अपात्रांना लाभ मिळाल्याची उदाहरणे होती, तशीच पात्र असून वगळल्या गेलेल्यांचीही होती. अपात्राला मिळालेला पैसा हिशेबाच्या वहीत निदान कोठेतरी उमटतो. वंचिताचे नाव मात्र कोणत्याच वहीत नसते. सन्मान निधी जमिनीच्या मालकीवर मिळतो. दुसऱ्याचे रान खंडाने घेऊन नाचणी पिकविणाऱ्याचे नाव पहाणीत मालक म्हणून नसते. म्हणून ते यादीतही येत नाही. घाम त्याचा, हप्ता मालकाचा!

कोण कसतो आणि कोणाच्या नावावर आहे, हे गावाला पुरते ठाऊक असते. कचेरीतील यादी चावडीवर वाचली गेली, म्हणजे गावाचे हे ज्ञान सरकारच्या उपयोगी पडेल. पैसा सर्वांचा आहे. तेव्हा त्याची वाटणीही सर्वांच्या देखतच व्हावी.