मला मदतीला कोण?

शाळेत संस्कृतच्या तासाला ज्यांनी ‘वन’ शब्द चालवला असेल, त्यांना लॅटिनमधला ‘औक्सिलियुम’ परका वाटू नये. अर्थ मदत, लिंग नपुंसक. ‘वनम्’सारखी इथेही प्रथमा आणि द्वितीया एकच. षष्ठी ‘औक्सिलिई’, सिसेरोच्या काळी तिच्या शेवटचे दोन इकार मिळून नुसतं ‘औक्सिली’ होई. बाकीचा तक्ता पुस्तकात आहे, तो रेडिओवर वाचून दाखवण्यात हशील नाही.

थांबायचं ते चतुर्थीपाशी. ‘मिही औक्सिलिओ एस्त.’ मिही म्हणजे मला, औक्सिलिओ म्हणजे मदतीला, एस्त म्हणजे आहे. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला इथे घाम फुटतो. एका वाक्यात दोन चतुर्थ्या, एक माणसाची, एक हेतूची! व्याकरणाची पुस्तकं हिला दुहेरी चतुर्थी म्हणतात आणि पानभर समजावत बसतात. आपण मात्र ‘घरात एवढं कार्य, आणि मला मदतीला कुणी नाही’ असं सहज बोलून जातो. दोन ‘ला’ शेजारी शेजारी आले म्हणून कुणाला खटकत नाही.

अनेकवचनात शब्दाचा नूरच बदलतो. ‘औक्सिलिया’ म्हणजे बहुधा फौज. रोमचे नागरिक नसलेल्या प्रांतिकांच्या तुकड्या. त्यांत सीरियाचे तिरंदाज होते, ऱ्हाइनच्या मुखाकडचे बटेव्हियन होते. सम्राट क्लॉडियसच्या काळापासून 25 वर्षं चाकरी केलेल्याला नागरिकत्व मिळे आणि त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यांवर कोरून दिला जाई. मदतीच्या शब्दाला फौजेचा अर्थ यावा, यात आपल्याला नवल वाटायला नको. फारसीतून आलेली ‘कुमक’ मूळची साधी मदतच, पण मराठीत कुमक आली म्हटलं की सैन्यच दिसतं. लॅटिनमधला दुसरा शब्द, ‘सुब्सिदियुम’, म्हणजे लढाईत मागे राखून ठेवलेली फळी. आपल्या सबसिडीचा हा पूर्वज!

मुंबईत वडाळ्याला ‘ऑक्झिलियम’ नावाची कॉन्व्हेंट शाळा आहे. ते नाव मेरी मातेच्या ‘औक्सिलियुम ख्रिस्तियानोरुम’, म्हणजे ख्रिस्ती जनांचा आधार, या बिरुदातलं. बिरुद स्त्रीचं, पण शब्द आपलं नपुंसकलिंग सोडत नाही.

तेव्हा लॅटिन शिकायचं मनात असेल, तर इंग्रजीच्या आडवळणानं जाऊ नका. वाक्य आधी मराठीत, विभक्तीसकट, मोठ्यानं म्हणा आणि मग लॅटिनमध्ये मांडा.