पुलपिटामागचे घर



 अध्यक्षीय भाषणात वाङ्मयाच्या सर्व दालनांतून एक फेरी मारावी असा रिवाज आहे. तो मोडायची परवानगी द्या. आज मी एकाच प्रकारच्या पुस्तकांविषयी बोलणार आहे : सेवाकार्य, घरातल्या जखमा आणि बिघडलेली नाती यांविषयी ख्रिस्ती माणसांनी लिहिलेली पुस्तके.

या पुस्तकांना आज मागणी आहे. दांपत्यजीवन, मुलांचे संगोपन, क्षमा, मनःशांती असे विषय दिसले की वाचक हात पुढे करतो. पण हातात पडते ते बहुधा भाषांतर, नाहीतर प्रवचनांचा संग्रह. माझे म्हणणे थोडक्यात असे : या विषयावर आपल्याकडे जे उत्तम लिहिले गेले, ते उपदेश म्हणून लिहिलेले नाही. घडलेली गोष्ट घडली तशी सांगितली, म्हणून ते उत्तम झाले. पुढे आपण सांगायचे थांबलो आणि सल्ले द्यायला लागलो.

विल्यम केरीपासून सुरुवात करतो, कारण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापणारा हा मिशनरी आपल्याही वाङ्मयाचा पूर्वज आहे. त्याची बायको डॉरथी हिंदुस्थानात यायला आधी तयार नव्हती. धाकटी बहीण सोबत येते म्हटल्यावर १७९३ साली ती कशीबशी जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला आणि त्यानंतर तिचे मन सावरले नाही. नवऱ्यावर ती भलते संशय घेऊ लागली. अखेर तिला खोलीत बंद ठेवावे लागे. त्याच घरात बायबलची भाषांतरे आणि व्याकरणे तयार होत होती. १८०७ साली ती वारली. जुन्या चरित्रांत डॉरथी भेटते ती केरीच्या वाटेतली धोंड म्हणून. तिच्या बाजूने तिची कथा सांगणारे जेम्स बेक यांचे पुस्तक यायला १९९२ साल उजाडले. केरीचे मोठेपण त्याने कमी होत नाही. पण त्या मोठेपणाची किंमत घरात कोण मोजत होते, हे विचारायला ख्रिस्ती वाङ्मयाला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

मराठी ख्रिस्ती माणसांच्या पहिल्या पिढीच्या वाट्याला हे प्रश्न फार लवकर आले. बाप्तिस्मा घेतला की घर तुटे. आई दार लावून घेई, बायकोला माहेरचे घेऊन जात. ही गोष्ट एकट्यादुकट्याची नव्हती. म्हणून तर १८६६ साली सरकारला धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा करावा लागला. याच पिढीतल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहून विधवांचे हाल मांडले आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात स्वतःचे घर वाचकांपुढे ठेवले. मराठी ख्रिस्ती गद्य उभे राहिले तेच मुळी घराच्या दुखण्यावर.

आणि मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून चार भागांत आलेले हे पुस्तक आपण विनोदासाठी वाचतो, शाळेत धडा म्हणून शिकतो. सेवाकार्यात पडलेल्या माणसाच्या घरावरचे ते मराठीतले पहिल्या प्रतीचे पुस्तक आहे, हे मात्र आपण विसरतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आठवा. सत्तावनच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर या माणसाने बाहेरून आलेला जिन्नस न् जिन्नस धुवून घ्यायला सुरुवात केली. सगळे घर त्या धुण्यापायी मेटाकुटीला आले. एका पिढीला बसलेला धक्का दुसऱ्या पिढीच्या चुलीपर्यंत कसा पोचतो, हे आजचे समुपदेशक मोठमोठ्या संज्ञा वापरून सांगतात. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत सांगून टाकले, आणि त्यात बापाचा अपमान होऊ दिला नाही.

पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा झाला. बाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, तरी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक त्यांनी काही काळ वेगळाच ठेवला. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. टिळकांचा संताप, त्यांचा उधळा दानशूरपणा, घरात दाणा नसताना पाहुण्याला दिलेला शब्द, यातले काहीही बाईंनी झाकले नाही. आणि तरी टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे केले ते याच बाईंनी. प्रेम आणि तक्रार एका घरात नांदू शकतात, हे या पुस्तकाइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसले नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या पत्रांचे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा आणि त्यांची चिमुकली लेक मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या आध्यात्मिक आई झाल्या. पुढच्या पत्रव्यवहारात या मानलेल्या आईलेकी कडाक्याने भांडतात. कोणाची आज्ञा मानायची, सिद्धांत जसाच्या तसा का स्वीकारायचा, मनोरमेला वाढवायचे कोणी, या प्रत्येक मुद्द्यावर रमाबाई सभ्य शब्दांत पण ठाम उत्तर देतात. हा पत्रसंग्रह १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मंडळीतल्या अधिकाराने दुखावलेल्या माणसाने आपल्या विश्वासाला धक्का न लावता कसे बोलावे, याचा वस्तुपाठ सरकारी मंडळाने छापला. आमच्या पाळकीय शिक्षणात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

आता परदेशी पुस्तकांविषयी. त्यांच्याबद्दल माझा आकस नाही. हेन्री नोवेन या डच धर्मगुरूचे ‘द वूंडेड हीलर’ १९७२ चे. सेवकाने आपली जखम लपवू नये आणि मिरवूही नये, हा त्याचा विचार आजही ताजा आहे. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातले पाळक पीटर स्कॅझेरो यांना त्यांच्या पत्नीने १९९६ साली सांगून टाकले की, तुमच्या चर्चमध्ये मी यापुढे येणार नाही. त्या धक्क्यातून त्यांचे भावनिक आरोग्यावरचे पुस्तक जन्मले. अमेरिकन लेखक फिलिप यान्सी यांनी २०२१ मध्ये आपल्या घराची कथा लिहिली. वडिलांना पोलिओ झाला होता. प्रार्थनेने बरे होतील या भरवशावर त्यांना श्वासयंत्रातून काढले, आणि ते गेले. मग आईने दोन्ही मुलांवर मिशनरी होण्याचा नवस लादला. ही पुस्तके टिकतात, कारण त्यांच्या मुळाशी लेखकाच्या घरात खरोखर घडलेले काहीतरी आहे.

अडचण येते ती उसन्या उपायांची. ‘नात्यांना सीमा घाला’ हा सल्ला कॅलिफोर्नियात ज्या घराला दिला गेला, त्या घरात सासूबाई नाहीत, गावाकडचे दीर नाहीत, एका पगारावर शिकणारी पुतणी नाही. आपल्याकडे पाळकाची बदली होते तेव्हा मुलांची शाळा तुटते. पाळकबंगल्याचे दार रात्री अकरालाही वाजते. पाळकीणबाई बिनपगारी सेविका असतात : महिला मंडळ त्यांचे, संडे स्कूल त्यांचे, चहाही त्यांचाच. निवृत्तीनंतर बंगला सोडावा लागतो तेव्हा अनेकांना स्वतःचे छप्पर नसते. यावर मराठीत कोण लिहिणार? भाषांतरकाराच्या हातून ते होण्यासारखे नाही.

यापेक्षा गंभीर दोष क्षमेच्या घाईचा. मार खाणाऱ्या बाईला ‘आपला वधस्तंभ उचल’ असे सांगणारी पुस्तिका ही आपल्या धर्माची विटंबना आहे. कायद्यानेही तिला फार वाट पाहायला लावली. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली ही अट चुकीची ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा आहे. दांपत्यजीवनावरच्या आपल्या पुस्तकात या कायद्यांवर एक पानही नसेल, तर लेखकाने कोणाची बाजू घेतली हे उघड आहे.

शास्त्राला अशी घाई नाही. योसेफाला भावांनी विकले ते उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात. तो त्यांना आपली ओळख देतो पंचेचाळिसाव्यात. मधल्या काळात तो त्यांना पारखतो, बाजूच्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुऊन परत येतो. बाप वारल्यावर पन्नासाव्या अध्यायात भावांना पुन्हा भीती वाटते आणि समेट पुन्हा बोलून दाखवावा लागतो. उलट दावीदाचे घर पाहा. त्याची मुलगी तामार हिच्यावर अम्नोन या सावत्र भावाने अत्याचार केला. राजा संतापला, पण त्याने केले काहीच नाही. तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने तिला गप्प राहायला सांगितले आणि दोन वर्षे मनात डूख धरून शेवटी अम्नोनाला मारवले. पुढे त्याने बापाविरुद्ध बंड केले, त्याचे मूळ त्या गप्प बसण्यात आहे. अंगणातले रक्त शास्त्र सारवून टाकत नाही; ते सारवतात आपल्या स्मरणिका.

म्हणून काही मागण्या करतो आणि थांबतो. प्रकाशकांनी दहा भाषांतरांमागे निदान एक मूळ मराठी आत्मकथन काढावे, आणि ते पाळकीणबाईंचे किंवा पाळकाच्या मुलाचे असेल तर आधी काढावे. पाळकीय शिक्षणात ‘स्मृतिचित्रे’ आणि रमाबाईंची पत्रे नेमावीत. लेखकांनी दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले दुःख त्याच्या संमतीशिवाय छापू नये. नाव बदलले म्हणजे वाडीवस्तीत माणूस ओळखू येत नाही, हा भ्रम आहे. जखम कुठली आणि गुन्हा कुठला, यांची सरमिसळ करू नये : जखमेला वेळ द्यावा, गुन्ह्याला पोलीस ठाणे दाखवावे. आणि ज्या मंडळ्यांना आपल्या सेवकाचे खरे आत्मचरित्र हवे आहे, त्यांनी तो हयात असताना, त्याच्या बायकोसमोर, त्याला बिनधास्त बोलू द्यावे. ते ऐकून घेण्याची तयारी झाली, की लिहिणारे याच सभागृहातून निघतील.