मुलांच्या चालीने ॲम्स्टरडॅम



युरोपच्या प्रवासावर बोलणाऱ्याने राजवाड्यांपासून सुरुवात करावी अशी रीत आहे. माझा विषय त्याहून लहान आहे. निदान उंचीने तरी. पाच-सात वर्षांची मुले बरोबर असताना एखादे शहर तीन-चार दिवस निवांतपणे कसे पाहावे, आणि कोणते शहर ते तसे पाहू देते, एवढेच मला सांगावयाचे आहे. मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासह मी ॲम्स्टरडॅमला राहिलो, तेव्हा बोलतो ते त्या शहराविषयी.

आपली मंडळी परदेशी गेली की खर्च वसूल करावयास निघतात. मूल या वसुलीच्या कामी अगदी निरुपयोगी! तेथील राइक्स म्युझियममध्ये अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, ही मोठी सोय. अर्ध्या तासात बाहेर पडले तरी त्यांच्या तिकिटाची हळहळ नाही. रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या भव्य चित्रापुढे आम्ही मोठी माणसे छायाप्रकाशाविषयी बोलत होतो. नातीने मात्र विचारले, ‘आजोबा, त्या मुलीच्या कमरेला कोंबडी का टांगली आहे?’ खरोखरच, त्या बंदूकधारी गर्दीत सोनेरी झग्यातली एक मुलगी आहे आणि तिच्या कमरेला मेलेली कोंबडी आहे. पक्ष्याचा पंजा हे त्या नगररक्षक पथकाचे चिन्ह होते, त्याची ती खूण. चित्राची किल्ली पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर होती म्हणा ना!

पण मुलांचे खरे ॲम्स्टरडॅम रस्त्यावर आहे. आल्डो व्हान आइक हा तरुण वास्तुशिल्पी महायुद्धानंतर नगरपालिकेच्या नोकरीत होता. १९४७ साली त्याने बेर्टेलमनप्लेन या चौकात पहिले क्रीडांगण केले: रुंद काठाचा वाळूचा हौद, उड्या मारावयास गोल ठोकळे, कोलांट्या खाण्यास लोखंडी दांड्या. बस्स. पुढच्या तीसएक वर्षांत अशी सातशेहून अधिक झाली. त्यांतील काही जागांचा इतिहास ऐकवत नाही. नाझींनी शहरातील ज्यूंना पकडून नेले. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गारठलेल्या लोकांनी त्यांच्या ओस घरांतील लाकूड जळणासाठी काढले आणि घरे ढासळली. अशा रिकाम्या जागांपैकी काहींवर पुढे मुले खेळू लागली. आज ती क्रीडांगणे थोडीच उरली आहेत. त्यांना बहुधा कुंपण नसे. चौक तो चौक, त्यातच मुलांचा वाटा.

हा वाटाही फुकट राहिला नाही. मोटारी वाढल्या. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकार बापाने ‘बालहत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. तेच चळवळीचे नाव झाले. आईबाप आणि मुले रस्ते अडवून बसली. पुढे मोटारींचा वेग उतरला, सायकलींना स्वतंत्र वाट मिळाली. आज पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलीत दोन-तीन पोरे बसवून बाई निर्धास्तपणे बाजाराला जाताना दिसते, तिच्या मागे त्या आईबापांची जिद्द आहे. आपल्याकडे शाळा सुटताना फाटकापाशी काय होते, ते आपण रोज पाहताच.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मुक्काम ट्रामच्या रस्त्याजवळ करावा. दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, आणि दुपारी मुलांना झोपू द्यावे. कालव्यांच्या काठांना पुष्कळ ठिकाणी कठडे नाहीत, तेव्हा मुलाचा हात सोडू नये. सायकलींच्या वाटेवर तर आपणही उभे राहू नये, सायकलस्वार तेथे दयामाया करीत नाहीत. मध्यवर्ती स्टेशनाच्या मागून आय नावाच्या पाण्यापलीकडे नावा जातात. त्यांना तिकीट नाही. काही मिनिटांचा प्रवास, पण वारा, शिट्टी, खाली-वर होणारा पूल, सारे आहे. शेवटच्या दिवसासाठी सूनबाईंनी आणखी एक संग्रहालय राखून ठेवले होते. नातू त्या नावेने चार वेळा पलीकडे जाऊन आला, आणि संग्रहालय राहिले ते राहिलेच.