एमीची बाजू

शांता शेळके यांनी अनुवादलेलं ‘चौघीजणी’ तुमच्यापैकी अनेकींनी शाळकरी वयात वाचलं असेल. लुईसा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ ही मूळ कादंबरी अमेरिकेत १८६८-६९ मध्ये दोन भागांत आली. वडील यादवी युद्धावर, घरी आई आणि मेग, ज्यो, बेथ, एमी या चार मुली. वाचणारी प्रत्येक मुलगी स्वतःला ज्यो समजते. मीही समजत होते. ज्योचं हस्तलिखित जाळणाऱ्या एमीला मी कधीच माफ केलं नाही. भांडण झालं की धाकट्या बहिणीलाही मी ‘एमी’ म्हणून हिणवत असे.

या कथेवर चित्रपट पुष्कळ निघाले. १९३३ मध्ये कॅथरीन हेपबर्न ज्यो झाली, १९९४ मध्ये विनोना रायडर. पण ग्रेटा गर्विग यांचा २०१९ चा चित्रपट पाहिला आणि माझी पंचाईत झाली.

इथे गोष्ट सरळ चालत नाही. बालपण उबदार पिवळ्या उजेडात, मोठेपण निळसर थंडीत, आणि दोन्ही सारखी एकमेकांत मिसळतात. आजारी बेथच्या उशाशी झोपलेली ज्यो जागी होते, खाट रिकामी असते. ती धावत खाली येते, तर बेथ टेबलापाशी बसलेली! काही वर्षांनी तोच जिना, तशीच धाव. पण टेबलापाशी आई एकटी. संवाद जवळजवळ नाहीतच.

आणि एमी! फ्लॉरेन्स प्यू ही भूमिका करते. पॅरिसमध्ये ती श्रीमंत लॉरीला ठणकावते, की लग्न हा बाईसाठी पैशाचाच व्यवहार आहे. तिच्याजवळ असेल ते नवऱ्याचं होतं, मुलंसुद्धा. हट्टी, नटवी वाटलेली ही मुलगी घरातली सगळ्यात व्यवहारी निघते. ज्योला हे उशिरा कळतं. शेवटी तीही प्रकाशकासमोर बसून नायिकेचं लग्न लावायला तयार होते, पण रॉयल्टीसाठी घासाघीस करते आणि पुस्तकाचे हक्क सोडत नाही. अल्कॉट यांनीही ते सोडले नव्हते. लग्न मात्र त्यांनी केलं नाही.

घरी आल्यावर मी बहिणीला फोन केला. म्हटलं, “एमीचं चुकलं नव्हतं गं फारसं.” ती म्हणाली, “ताई, मला काय ठाऊक? ते पुस्तक तू मला कधी हातात घेऊ दिलंस?”